लोखंडावरची अक्षरे

आपल्या सातारा-सांगली भागात जुने हत्यार सापडले की त्याचे वय ठरवायला फारसा वेळ लागत नाही. तलवार असो, भाल्याचे पाते असो किंवा गंजून तपकिरी झालेले पिस्तूल असो, पाहणारा पहिला माणूस म्हणतो, 'शिवकालीन दिसते', आणि दुसरा मान डोलावतो. विहिरीचा गाळ काढताना काही निघाले तरी तेच, वाडा पाडताना भिंतीत काही मिळाले तरी तेच. या शब्दामागे प्रेम आहे हे मी नाकारत नाही. परंतु प्रेम आणि ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या हत्याराला न वाचताच 'शिवकालीन' म्हणणे हा महाराजांचा गौरव नव्हे. उलट ज्याच्या कमरेला किंवा खोगिराला ते हत्यार होते, त्या माणसाचे नाव-गाव आपण पुसून टाकतो. माझे म्हणणे थोडक्यात हे आहे. ते मी चकमकीच्या पिस्तुलाच्या आधाराने मांडणार आहे, कारण हे हत्यार वाचायला सोपे आहे आणि तरीही सर्वांत जास्त चुकीचे वाचले जाते.

आधी हत्यार समजून घेऊ. जुनी बंदूक पुढून ठासायची. नळीच्या मागच्या टोकाला एक बारीक भोक असते, त्याला 'कान' म्हणतात. कानाजवळच्या वाटीत थोडी बारीक दारू ठेवायची, ते रंजक. रंजक पेटले की जाळ कानातून आत जातो आणि बार उडतो. प्रश्न एवढाच, की रंजक पेटवायचे कशाने? जुनी रीत तोड्याची. जळती वात चापाने खाली आणून रंजकाला लावायची. नंतरची रीत चकमकीची. घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा आवळून बसवायचा, चाप ओढला की गार समोरच्या पोलादी पात्यावर आपटते, ठिणग्या वाटीत पडतात. त्यानंतर टोपीची बंदूक आली. घोडा थेट स्फोटक भरलेल्या तांब्याच्या टोपीवर आपटतो, गारही नको आणि वाटीही नको. स्फोटक पुडीने बार उडवण्याच्या या रीतीचे पेटंट अलेक्झांडर फॉर्सिथ नावाच्या एका स्कॉटिश पाद्र्याने १८०७ साली घेतले, आणि १८४० च्या सुमारास इंग्रजी सैन्यात चकमक मागे पडून टोपी आली.

तोडा, चकमक, टोपी. एवढा क्रम ध्यानात ठेवला तरी निम्मे काम होते. चकमकीचा चाप युरोपात सतराव्या शतकाच्या आरंभी तयार झाला हे खरे. पण शिवछत्रपतींच्या काळात, म्हणजे १६३० ते १६८० या वर्षांत, आपल्याकडची नेहमीची बंदूक तोड्याचीच होती. चकमकी बंदुका घेतलेल्या कवायती पलटणी आपल्याकडे अठराव्या शतकात आल्या. पानिपतावर १७६१ साली लढलेल्या इब्राहिमखानाच्या गारद्यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. पुढे महादजी शिंद्यांनी द बॉयन या फ्रेंच भाषिक सेनानीच्या हाताखाली पलटणी उभारल्या आणि आग्र्याला बंदुका-तोफांचे कारखाने चालवले. या शिंद्यांचे मूळ गाव कण्हेरखेड आपल्याच सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात आहे. म्हणजे चकमकीच्या बंदुकीला मराठ्यांच्या इतिहासात मानाची जागा आहे. फक्त ती जागा शंभर वर्षे पुढे आहे.

आता पिस्तुलाच्या बाजूला पाहा. घोडा ज्या लोखंडी पट्टीवर बसवलेला असतो, त्या पट्टीवर बहुधा काहीतरी कोरलेले असते. ईस्ट इंडिया कंपनीच्या हत्यारांवर दोन खुणा सापडतात. जुनी खूण पिंपळपानासारखी दिसते. बदामी आकार, त्याचे चार रकाने, रकान्यांत व्ही, ई, आय, सी ही इंग्रजी अक्षरे आणि डोक्यावर चारच्या इंग्रजी आकड्यासारखी रेघ. मुंबई इलाख्यातल्या कंपनीच्या तांब्याच्या पैशांवरही हीच खूण असे. १८०८ पासून कंपनीने ही खूण बदलली आणि मागल्या पायांवर उभा राहिलेला सिंह कोरायला सुरुवात केली. म्हणजे पट्टीवर असा सिंह असेल तर ते पिस्तूल १८०८ च्या अलीकडचे. महाराजांचे महानिर्वाण १६८० चे. मधे १२८ वर्षे गेली. इतका सरळ हिशेब आहे, आणि तो करायला दुर्बीण लागत नाही, शेतातल्या उजेडात साध्या डोळ्यांनी होतो.

हे मी पुस्तकी सांगत नाही. माझ्या आजोळी, मिरज तालुक्यातल्या एका खेड्यात, असे एक पिस्तूल आहे. घोडा मोडलेला, दस्त्याचे लाकूड किडलेले, पण पट्टीवर उभा सिंह अजून ओळखू येतो. आजोबांना विचारले तर म्हणाले, "आरं, देवीचा शिंव्ह हाय त्यो. म्हाराजांच्या वक्ताचं हत्यार हाय." दरवर्षी खंडेनवमीला त्या सिंहाला हळदकुंकू लागते. आजोबांना मी तोंडावर खोडून काढले नाही, तशी आमच्याकडे पद्धत नाही. पण मनात प्रश्न उभा राहिला, तो असा. आमच्या आजोळी सनद नाही, इनामाचा कागद नाही, बखरीत नाव असण्याचा तर प्रश्नच नाही. घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. मग कंपनीचे घोडेस्वारी पिस्तूल या घरात आले कसे?

पिस्तूल हे साध्या पायदळ शिपायाचे हत्यार नव्हे. ते घोडेस्वाराचे, खोगिराला पुढच्या बाजूस अडकवायचे. १८१७ साली पेशव्यांशी झालेल्या तहानंतर इंग्रजांनी पुण्याजवळ देशी स्वारांचे एक दल उभारले, त्यालाच पुढे पूना हॉर्स नाव पडले. १८१८ च्या फेब्रुवारीत साताऱ्याचा किल्ला पडला, त्याच महिन्यात आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. आमचा कोणी पूर्वज कंपनीच्या स्वारांत होता का? की तो समोरच्या बाजूने लढला आणि पडलेल्या स्वाराचे पिस्तूल घेऊन घरी आला? की पुढे केव्हातरी बाजारात चार रुपयांना कोणी ते विकत घेतले? यातले काय खरे ते पिस्तूल एकटे सांगणार नाही. पण निदान हे प्रश्न तरी आता विचारता येतात. 'शिवकालीन' म्हटले की प्रश्नच संपतात. ज्यांच्या घरी दप्तर असते त्यांना हत्यार चुकीचे वाचलेले परवडते, कारण त्यांचा इतिहास कागदावर शिल्लक आहे. आमच्यासारख्यांच्या घरी लोखंड हाच कागद आहे. तो चुकीचा वाचला तर आमच्याजवळ दुसरे काही उरत नाही.

याबाबतीत अमेरिकेकडे पाहण्यासारखे आहे. तिथे चकमकीच्या लष्करी पिस्तुलांचा संग्रह करणे ही एक अभ्यासाची शाखाच आहे. त्यांचे एकेक पिस्तूल त्याच्या नमुन्याच्या वर्षाने ओळखले जाते. १७९९ चे पहिले पिस्तूल फ्रान्सच्या १७७७ च्या नमुन्यावरून केलेले. ते करणारा कनेक्टिकटमधला सिमिऑन नॉर्थ हा मुळात गवत कापायची पाती घडवणारा लोहार. पुढे १८१३ साली सरकारने त्याच्याशी २०,००० पिस्तुलांचा करार केला आणि अट घातली, की एका पिस्तुलाच्या चापाचे भाग दुसऱ्याला बसले पाहिजेत. आज कारखान्यातला कोणताही नट कोणत्याही यंत्राला बसतो, त्या पद्धतीच्या पायाभरणीत हा करार मोजला जातो. हार्पर्स फेरीच्या सरकारी कारखान्यातले १८०५ च्या नमुन्याचे पिस्तूल तर तिथल्या लष्करी पोलिसांच्या बिल्ल्यावर जोडीने जाऊन बसले आहे. चकमकीचा शेवटचा नमुना १८३६ चा, त्यानंतरचा १८४२ चा नमुना टोपीचा. तिथला साधा हौशी माणूसही पट्टीवरचा गरुड, गावाचे नाव, वर्ष, तपासनिसाची आद्याक्षरे पाहून सांगतो, की हे कुठल्या कराराचे आणि कोणत्या काळातले.

एवढेच नव्हे, तर लबाडी कशी ओळखायची हेही त्यांना ठाऊक असते. चकमकीची पुष्कळ पिस्तुले पुढे टोपीची करून घेण्यात आली. आता चकमकीच्या पिस्तुलाला भाव जास्त, म्हणून काही व्यापारी तीच पिस्तुले नवे भाग बसवून पुन्हा चकमकीची करतात. जाणकार मग बुजवलेली भोके पाहतो, वाटीच्या आसपासचे लोखंड आगीने खाल्ले आहे की कोरेच आहे हे पाहतो, नव्या-जुन्या गंजाचा रंग ताडून पाहतो. आपल्याकडेही ही नजर लागते. कारण देशी कारागिरांनी कंपनीच्या बंदुकांच्या नकला केल्या, आणि काही नकलांवर इंग्रजी अक्षरे अशी आहेत की त्यांचा शब्दच होत नाही. ज्याला अक्षर वाचता येत नव्हते त्याने अक्षराचे चित्र काढले. मला अशी नक्कल खऱ्या मालापेक्षा कमी मोलाची वाटत नाही. कोणा अनाम लोहाराच्या हाताचा तो पुरावा आहे. पण ती नक्कल आहे हे आधी ओळखता आले पाहिजे.

कोणी म्हणेल, अमेरिकेचा इतिहास दोन-अडीचशे वर्षांचा, त्यांना पिस्तुलाचे कौतुक असणारच, आपल्याला दोन हजार वर्षांचा वारसा आहे. हा युक्तिवाद मला आळसाचा वाटतो. वारसा मोठा म्हणून नोंद नको, हे कोणते तर्कशास्त्र? २००३ साली नेपाळच्या एका जुन्या राजवाड्यातला शस्त्रसाठा अमेरिकी व्यापाऱ्यांनी विकत घेतला. त्यात कंपनीच्या काळातल्या हजारो बंदुका होत्या. आज त्या तिकडच्या हौशी लोकांच्या भिंतीवर आहेत. माल त्याच्याच हाती जातो, ज्याला त्याची ओळख असते.

आपल्याकडे मात्र हत्याराचे तीन शत्रू आहेत, आणि तिन्ही घरातलेच आहेत.

पहिला शत्रू म्हणजे आपली भक्ती. खंडेनवमीला हत्यारे घासायची. कोणी चिंच लावतो, कोणी विटेचा भुगा, अलीकडे तर काचकागद. हत्यार लखलखते आणि दरवर्षी पट्टीवरची अक्षरे थोडी थोडी झिजतात. जगभरचे संग्राहक सांगतात, की जुन्या लोखंडावरचा काळपट थर कधी घासू नये, कोरड्या कापडाने पुसून तेलाचा हलका हात द्यावा, बस्स. आमच्या आजोळच्या सिंहाचे तोंड असेच गेले आहे. पूजा थांबवा असे मी म्हणत नाही. हळदकुंकू दस्त्याला लावता येईल, अक्षरांवर काचकागद फिरवू नये, इतकेच.

दुसरा शत्रू भीती. थोरल्या मामांच्या वाटणीला एक लांब नळीची बंदूक आली होती. 'पोलिसांचे लचांड नको' म्हणून ती किलोच्या भावाने भंगारात गेली. ही भीती जुनी आहे. १८५७ नंतर इंग्रजांनी लोकांची हत्यारे काढून घेतली आणि १८७८ च्या कायद्याने परवान्याचा फास आवळला. आपल्या आजे-पणज्यांनी तेव्हा हत्यारे विहिरीत टाकली, माळवदात लपवली, ती भीती अजून रक्तात आहे. परंतु आजचा कायदा १९५९ चा आहे, आणि त्याच्या ४५ व्या कलमात जुन्या घडणीच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या अशा हत्यारांना सूट आहे, जी दुरुस्त करूनही उडवता येणार नाहीत. उडण्याजोगी ठासणीची बंदूक असेल तर मात्र परवाना हवाच. आपले हत्यार कोणत्या बाजूला पडते हे आपण ठरवायचे नाही, रीतसर विचारायचे. पण विचारण्यापूर्वीच भंगारात घालणे हा उपाय नव्हे. त्याचप्रमाणे १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याने शंभर वर्षांवरची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, हेही गावोगाव फिरणाऱ्या दलालापुढे आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

तिसरा शत्रू म्हणजे आपली घाई. एकदा का 'शिवकालीन' म्हटले की पाहणे थांबते. अनेक ठिकाणी काचेच्या कपाटात पिस्तूल असते आणि खाली चिठ्ठी असते, 'जुने पिस्तूल'. कोणाचे, कुठले, कोणत्या चापाचे, काही नाही. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात आली आणि ती पाहायला लोकांनी रांगा लावल्या. १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्याला असलेल्या ग्रँट डफकडून ती विलायतेला गेली. ती महाराजांनी वापरलेलीच आहेत असे सिद्ध करता येत नाही, हे लंडनच्या संग्रहालयानेच सांगितले आहे. यावरून आपल्याकडे वाद झाला. माझ्या मते त्या वादात एक गोष्ट शिकण्यासारखी होती. जे माहीत आहे ते आणि जे म्हटले जाते ते, ही दोन्ही वेगवेगळ्या ओळींत लिहिता येतात. त्याने वस्तूचा मान कमी होत नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो माझ्याच वर्गातल्या मित्रांनी घेतला आहे. ते म्हणतात, दुष्काळ, बेकारी, परीक्षांचे घोटाळे हे प्रश्न असताना बंदुका-पिस्तुले कसली घेऊन बसलास? हत्यारांचे कौतुक म्हणजे सरंजामी मनोवृत्ती. या आक्षेपात तथ्य आहे, असे मी मानतो. हत्यार हातात घेऊन फोटो काढणारे, मिरवणुकीत तलवार फिरवणारे मलाही आवडत नाहीत. पण हत्यार वाचणे म्हणजे हत्यार मिरवणे नव्हे. उलट वाचलेले हत्यार मिरवता येत नाही. पट्टीवर कंपनीचा सिंह आहे हे कळले की ते डोक्यावर धरून जयजयकार करता येत नाही, विचार करावा लागतो. आपल्या घरातला माणूस कोणाच्या बाजूने आणि का लढला, पोटासाठी की निष्ठेसाठी, हा विचार मला तरी सरंजामी वाटत नाही.

या कामाला आपल्या भागात परंपरा आहे. मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवणारे वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातले हजारो कागद वाचून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सिद्ध केला. पगार शिक्षकाचा, काम साऱ्या महाराष्ट्राचे. साताऱ्यात दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी जमवलेले कागद आणि चित्रे पुढे पुण्याला डेक्कन कॉलेजात गेली. या लोकांनी कागद वाचला म्हणून पटवर्धन कळले, छत्रपती कळले. लोखंड वाचायचे काम मात्र पुष्कळसे राहून गेले, आणि ते आपल्यासारख्यांना करता येण्याजोगे आहे. त्याला मोडी येत असलीच पाहिजे असे नाही, डोळे, फूटपट्टी आणि वही पुरे.

म्हणून माझी सूचना अशी. आपल्या इतिहास विभागाने एक नोंदवही सुरू करावी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी आपण गावात जातोच. तेथे कोणी आपण होऊन हत्यार दाखवले तर त्याचा फोटो घ्यावा, नळीची लांबी आणि तोंडाचा व्यास मोजावा, चाप तोड्याचा, चकमकीचा की टोपीचा ते लिहावे, पट्टीवरची आणि नळीवरची प्रत्येक खूण कागदावर जशीच्या तशी उतरवावी. घरच्यांनी सांगितलेली हकिकत वेगळ्या रकान्यात, त्यांच्याच शब्दांत लिहावी, आपल्या अनुमानात मिसळू नये. घराचा पत्ता बाहेर कोणाला देऊ नये. आणि हात लावण्यापूर्वी हत्यार भरलेले नाही याची खात्री करावी. जुन्या ठासणीच्या नळीत दीडशे वर्षांपूर्वीचा बार तसाच राहिलेला असू शकतो. नळीत लाकडी काठी सोडून बाहेरून लांबी ताडून पाहावी, काठी कानापर्यंत पोचत नसेल तर हत्यार खाली ठेवून जाणत्याला बोलवावे.

सातारा आणि सांगली हे एकेकाळी एकाच जिल्ह्याचे भाग. १९४९ साली दक्षिणेकडचे तालुके आणि संस्थाने मिळून दक्षिण सातारा झाला, १९६० साली त्याचे सांगली झाले. या दोन जिल्ह्यांत किती माळवदांवर, किती देव्हाऱ्यांत अशी पिस्तुले पडून आहेत, याची मोजदाद आपल्या पिढीने केली नाही तर पुढच्या पिढीला करायला काही उरणार नाही. काचकागद दरवर्षी फिरतो आहे, भंगाराचा काटा दररोज चालू आहे. येत्या खंडेनवमीपूर्वी निदान आपापल्या घरचे हत्यार एकदा उजेडात धरून वाचावे, एवढीच माझी आपल्या सर्वांना विनंती आहे.